पिवळा गट माझाच

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ७.४०

पतसंस्थेची नवी डायरी आली. दरवर्षी लीना तिच्यात शाळेच्या सुट्ट्या लिहिते. यंदा मी आधी हात मारला.

ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. कोणी वाचावी असा हेतू नाही. पुढेमागे एखाद्या चरित्रकाराने फारच गळ घातली तर तेव्हाचं तेव्हा बघू.

संकल्प. रोज पहाटे साडेपाचला चालायला जाणे (उद्यापासून, वर्षाचा पहिला दिवस घाईत घालवू नये). दाढी वाढवणे, संशोधकाला शोभेल अशी. यश मिळाल्यावरही सगळ्यांशी नम्रपणे वागणे.

आणि एनएन-७. म्हणजे नृसिंह नेवासकर, सातवी. क्षयरोगावरची माझी बूस्टर लस. पहिल्या सहांबद्दल लोक उगाच विचारत बसतात. बाळ जन्मलं की बीसीजी टोचतात, ती शंभर वर्षांची जुनी लस. लहान वयात कामाला येते, पुढे तिचा जोर ओसरतो. त्या झोपलेल्या जोराला हलवून जागं करते ती एनएन-७.

वाक्य चांगलं झालंय. भाषणात वापरणे.

६ जानेवारी, सोमवार

आज ट्रायल सुरू. ऐतिहासिक दिवस. कँटीनमध्ये नेमकं कोणी नव्हतं.

तीस गिनीपिग, दहा-दहाचे तीन गट. कानात बिल्ले: लाल, पिवळे, हिरवे. एका गटाला नुसतं मिठाचं पाणी. दुसऱ्याला आज बीसीजी, आणि मार्चमध्ये बूस्टरच्या जागी मिठाचं पाणी. तिसऱ्याला आज बीसीजी आणि मार्चमध्ये माझी एनएन-७. मग तिघांनाही क्षयाच्या जंतूंना तोंड द्यायला लावायचं आणि कोण टिकतं ते बघायचं.

कोणत्या रंगाला काय, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. पुण्याच्या एका संख्याशास्त्रज्ञाने ठरवलं, बाटल्यांवर फक्त रंग लिहून पाठवले, उत्तर सीलबंद पाकिटात. पाकीट रजिस्ट्रारांच्या कपाटात. हे सगळं अपूर्वाचं. अपूर्वा माझी रिसर्च असोसिएट, वय अठ्ठावीस, हुशार आहे पण नियम फार. तिचं म्हणणं, असं आंधळेपणाने केलं की आपली आवडनिवड आड येत नाही. मला कसली आली आवडनिवड. लस माझी आहे एवढंच.

अठरा पानांचा प्लॅन सहीला आणला. सही केली. वाचायला काय, तो माझ्याच डोक्यातून आलेला आहे.

प्राणिगृह कडूबाई सांभाळतात. बारा वर्षं झाली. तिसगावहून रोज एसटीने येतात. गिनीपिगला डुक्कर म्हणतात. मी आज तिसऱ्यांदा समजावलं की हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला जीव, डुकराशी काही संबंध नाही. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, डुकरांना पानी ठिवलंय.

२३ जानेवारी, गुरुवार

चालणे: दोन दिवस. थंडी.

दाढी खाजते. लीना म्हणाली, मिस्टर सुट्टीवर आहेत की आजारी, असं शाळेतल्या एका बाईंनी विचारलं. गणिताच्या शिक्षिकेशी लग्न केलं की कौतुकसुद्धा भागाकार करून मिळतं.

१७ मार्च, सोमवार

बूस्टर दिले. तिन्ही रंगांना, ज्याचे त्याला. अपूर्वा टोचत होती, कडूबाई धरत होत्या, मी मार्गदर्शन करत होतो.

२६ मार्च, बुधवार

कळलं.

पिवळा गट माझा आहे. पाकिटाची गरजच नव्हती. आज तासभर पिंजऱ्यांपुढे उभा राहिलो. पिवळ्यांच्या डोळ्यांत एक तेज आहे. मी टिचकी वाजवली की पंधरा नंबर वळून बघतो. त्याउलट हिरवे. कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेले, सरकारी ऑफिसात बसावं तसे. शंभर वर्षांची जुनी लस आणि वर मिठाचं पाणी, दुसरं काय होणार. कीव आली.

अपूर्वाला सांगितलं. ती म्हणाली, सर, तुम्ही असा अंदाज बांधू नका आणि बांधलाच तर मला सांगू नका. मी बरं म्हणालो. तरुण लोकांना अनुभवाची भीती वाटते.

कडूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की पिवळ्यांना रोज थोडी जास्त कोथिंबीर आणि आवळा द्या. त्यांनी मान हलवली. हा काही पक्षपात नव्हे. गुणवंत विद्यार्थ्याकडे शिक्षक जरा जास्त लक्ष देतोच.

१२ एप्रिल, शनिवार

पेपरात आलो. पान पाच. मथळा: ‘क्षयरोगावर नगरच्या शास्त्रज्ञाचा घाव, डुकरांवरील प्रयोग अंतिम टप्प्यात’. सोबत फोटो. माझा नाही. डुकराचा. खरोखरचं डुक्कर, चिखलात बसलेलं.

वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, सर, तुमचा फोटो धूसर आला होता. संस्थेच्या अध्यक्षांचाही फोन आला. दूध संघ, साखर कारखाना, इंजिनिअरिंग आणि नर्सिंग कॉलेज करून झाल्यावर त्यांनी संशोधनात पाऊल टाकलंय. अभिनंदन केलं आणि विचारलं की डुकरं ठेवलीत कुठे, वास येत नाही.

असो. लोकांपर्यंत विषय पोचला.

१५ एप्रिल, मंगळवार

आजचा प्रसंग सविस्तर लिहून ठेवतो, कारण असे क्षण माणसाला आपण का जगतो ते सांगून जातात.

कडूबाई दुपारी केबिनच्या दारात उभ्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. त्यांच्या सुनेला, अश्विनीला, फेब्रुवारीत टीबी निघाला. सहा महिन्यांचं औषध सुरू आहे. मला हे आज कळलं. कोणी सांगत नाही. नात आहे सहा वर्षांची, सृष्टी. तिला काही नाही, छातीचा फोटो स्वच्छ आला. पण घरात पेशंट म्हणून आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी तिच्यासाठी खबरदारीच्या गोळ्या आणून दिल्यात, आठवड्याला एकदा, बारा आठवडे. पोरगी धडधाकट, तिला एवढ्या गोळ्या कशाला चारायच्या, हे कडूबाईंच्या मनाला पटत नाही. पेपरातलं त्यांना एसटीत कोणीतरी वाचून दाखवलं. म्हणून विचारायला आल्या, ही लस माणसांना कधी मिळणार.

मी खुर्चीतून उठलो. उठायला पाहिजे असं वाटलं. म्हणालो, “कडूबाई, पहिला डोस सृष्टीला.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग विचारलं की मंग त्या गोळ्यांचं काय. मी म्हणालो की गोळ्या वगैरे आता जुन्या जमान्याच्या गोष्टी झाल्या.

त्या गेल्यावर बराच वेळ खिडकीतून बघत होतो. पार्किंग दिसतं.

१९ मे, सोमवार

आजपासून गिनीपिग बंदिस्त विभागात. तिथे हवा आत जाते ती गाळून, बाहेर येते ती दोनदा गाळून. आत जाणाऱ्याने अंगभर सूट आणि घट्ट मास्क घालायचा. आज जंतूंचा सूक्ष्म फवारा देऊन तिन्ही गटांना सारखाच संसर्ग करायचा होता. प्रयोगाचा कळसाध्याय. नव्या ब्लेझरवर सूट चढत नव्हता म्हणून ब्लेझर काढला.

आणि मग मास्कची चाचणी. डोक्यावर एक पारदर्शक टोपडं घालतात आणि आत कडू औषध फवारतात. तोंडाला कडू लागलं तर मास्क गळतो, आत प्रवेश नाही. मला लागलं. पुन्हा केलं. पुन्हा लागलं. सेफ्टी ऑफिसर म्हणाले, दाढीमुळे चेहऱ्याला मास्क चिकटत नाही. दाढी काढा, लगेच सोडतो.

कडूबाई पहिल्या फेरीत पास.

दाढीचा प्रश्न असा वरवरचा नाही. निकाल आला की अध्यक्ष कार्यक्रम घेणारच, त्याचा फ्लेक्स मी आत्ताच छापायला टाकलाय, फोटो दाढीचा आहे. ऐन वेळी वेगळा चेहरा घेऊन लोकांपुढे जायचं म्हणजे गोंधळ. शिवाय सेनापतीने खंदकात उतरलंच पाहिजे असं नाही. बाहेर मॉनिटर आहे, त्यावर सगळं दिसतं. रंग जरा फिकट दिसतात.

अपूर्वा आणि कडूबाई चार तास आत होत्या. मी बाहेर तणावाखाली होतो.

३ जून, मंगळवार

मॉनिटरवर बसून रोज निरीक्षण करतो. पिवळे उत्तम. हिरवे ढिम्म. लाल खंगायला लागलेत, ते अपेक्षितच.

आज एक गोष्ट पकडली. कडूबाई कोथिंबीर आणि आवळा तिन्ही रंगांना सारखाच वाटतात. आल्यावर विचारलं की पिवळ्यांना जास्त द्या असं सांगितलं होतं ना. म्हणाल्या की हो, सांगितलं होतं, पण एकाच पंगतीत एकाला जादा वाढायचं हे आपल्याच्यानं होत न्हाई.

अपूर्वा तिथेच होती. तिने मला विचारलं की हे कधी सांगितलं होतं. मी म्हणालो, असंच मार्चमध्ये. ती खुर्चीवर बसली. मग कडूबाईंचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, वाचवलंत. कशापासून ते स्पष्ट केलं नाही. पुष्कळदा ती अर्धंच बोलते.

परिषदेसाठी सारांश लिहायला घेतला. पहिलं वाक्य: ‘पिवळ्या गटाने दाखवलेली झुंजार वृत्ती…’

११ जून, बुधवार

अपूर्वा दुपारी आली, दार लावलं. मला वाटलं नोकरी सोडतेय.

म्हणाली, “सर, सृष्टीच्या गोळ्या सुरूच केल्या नाहीत कडूबाईंनी. पाकीट तसंच फळीवर आहे. तुमच्या लसीची वाट बघतायत.”

खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऊर भरून आला. एवढा विश्वास! मग ती पुढे म्हणाली की घरात पेशंट, पोर सहा वर्षांचं, एक एक आठवडा महत्त्वाचा. आणि ही लस गिनीपिगमध्ये चालली तरीसुद्धा माणसांपर्यंत यायला दहा वर्षं लागतील, हे तुम्हाला माहीत आहे. त्या माझंही ऐकतील, पण शब्द तुमचा आहे, तुम्ही सांगितलेलं बरं.

मी म्हणालो, सांगतो की.

संध्याकाळी विचार केला. मी काय म्हणालो होतो? जुन्या जमान्याच्या गोष्टी झाल्या. हे एक प्रकारे अलंकारिक बोलणं होतं. गोळ्या देऊ नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माणसाने शब्दशः घेतलं तर बोलणाऱ्याने करायचं काय.

उद्या सांगतो.

१२ जून, गुरुवार

कडूबाई आत होत्या. माझी दाढी. जमलं नाही.

१४ जून, शनिवार

एसटी लवकर असते त्यांची.

१७ जून, मंगळवार

आज समोरासमोर आल्या. म्हणाल्या, सायेब, लालमधला एक खातच न्हाई. मी म्हणालो, बघतो. ते सांगायचं ओठांवर आलं होतं, पण अशा वेळी दोन विषय एकदम काढणं बरं नाही.

नीट विचार केला तर जुलैअखेर आकडे येतायत. यश हातात घेऊन सांगितलं तर बोलण्याला वजन येईल: लस तर आहेच, पण तोवर गोळ्या चालू ठेवा. तेव्हाच सांगावं हे उत्तम. सहा आठवड्यांचा तर प्रश्न.

झोप लागत नाही. उकाडा आहे.

३० जून, सोमवार

आज सगळ्यांना शेवटची भूल देऊन फुप्फुसं तपासायला घेतली. तिसांपैकी दोन लाल आधीच गेले होते.

सकाळी कडूबाई आत गेल्या, प्रत्येकाला कोथिंबीर दिली, पाण्याच्या बाटल्या पुसल्या. आज त्याची काही गरज नव्हती. मॉनिटरवर दिसत होतं. पंधरा नंबरपाशी त्या जरा थांबल्या. की तो दुसरा कोणी होता, कोण जाणे. रंग फिकट दिसतात.

माझं डोकं दुखत होतं म्हणून घरी आलो. माझं काम दिशा देण्याचं.

लीनाने विचारलं, आज लवकर? मी म्हणालो, सगळं ठरल्याप्रमाणे. तिने दोनदा बघितलं आणि पोह्यांवर नेहमीपेक्षा जास्त खोबरं घातलं.

२५ जुलै, शुक्रवार

आकडे आले. बशांमधल्या जंतूंच्या वसाहती मोजून झाल्या.

लाल: फुप्फुसात लाखांनी जंतू. पिवळा: काही हजार. हिरवा: तेही हजारांतच, पिवळ्यांपेक्षा किंचित जास्त.

पिवळा सर्वांत कमी! मी आधीच म्हणत होतो. अपूर्वाने कागद पुढे करून दाखवलं की पिवळा आणि हिरवा यांच्यातला फरक इतका बारीक आहे की गणिताच्या दृष्टीने तो नाहीच. मी म्हणालो, गणिताच्या दृष्टीने नसेल.

अध्यक्षांना कळवलं. त्यांचा उत्साह दांडगा. ४ ऑगस्टला सभागृहात कार्यक्रम, पाकीट सर्वांसमक्ष त्यांच्या हस्ते फोडायचं. कल्पना माझी, पण त्यांना त्यांची वाटली. अपूर्वा म्हणाली की आधी खोलीत चौघांनी उघडून बघूया, मग कार्यक्रमाचं ठरवू. मी तिला समजावलं की विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं तर थोडं नाट्य लागतं.

कडूबाईंना कार्यक्रमानंतर सांगतो. त्या दिवशी सृष्टीलाच स्टेजवर बोलवावं का? विचार करणे.

४ ऑगस्ट, सोमवार. दुपारी ३

सकाळी अकराला कार्यक्रम. हॉल भरलेला, नर्सिंगच्या मुलींना हजेरी सक्तीची होती. फाटकावर फ्लेक्स: ‘अहिल्यानगरचे भूषण’. दाढी छान आली आहे.

मी वीस मिनिटं बोललो. झोपलेल्या जोराला हलवून जागं करण्याचं वाक्य घेतलं. पिवळा गट मी मार्चमध्येच कसा ओळखला ते सांगितलं. हिरव्यांवर एक विनोद केला, म्हाताऱ्या लसीची मरगळलेली पोरं असा. मुली हसल्या.

रजिस्ट्रारांनी पाकीट आणलं. अध्यक्षांनी फोडलं, चष्मा नव्हता, कागद अपूर्वाकडे दिला. ती वाचायच्या आधी एकदा माझ्याकडे बघून थांबली. मी मान डोलावली, वाच म्हणून.

तिने वाचलं. लाल, फक्त मिठाचं पाणी. पिवळा, बीसीजी आणि बूस्टरच्या जागी मिठाचं पाणी. हिरवा, बीसीजी आणि एनएन-७.

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी सुरुवात केली, मग मुलींनी. अध्यक्षांना एवढंच लक्षात राहिलं होतं की पिवळा जिंकला की आपण जिंकलो. माइक हातात घेऊन म्हणाले की आपल्या नेवासकर साहेबांनी नुसत्या मिठाच्या पाण्याने क्षयरोग आटोक्यात आणून दाखवला, गोरगरिबांना याहून स्वस्त लस कोणती. पुन्हा टाळ्या.

मला हार घातला. मी घालून घेतला. त्या क्षणी काढायचा कसा.

मागच्या रांगेत कडूबाई उभ्या होत्या. नवी साडी. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. अपूर्वाकडे बघत होत्या.

५ ऑगस्ट, मंगळवार

रात्रभर आकडे बघितले. उपाय सापडला. हिरव्यांमध्ये चोवीस आणि सत्तावीस या दोन नंबरांचे आकडे फार वाईट आहेत. ते काढले तर हिरवा पिवळ्याच्या पुढे जातो. ते दोघे पहिल्यापासून आळशी होते. नियमाला अपवाद असतात, त्यांना बाजूला ठेवणं ही एक प्रकारची शिस्तच.

अपूर्वाला सांगितलं. तिने अठरा पानांचा प्लॅन उघडला, अकरावं पान. कुठलाही प्राणी आकडे आल्यावर वगळायचा नाही. खाली माझी सही. ठसठशीत, तारखेसह.

मी म्हणालो, आपल्या दोघांनाच माहीत आहे. ती म्हणाली, “सर, मग मी पुढचं काम करू शकणार नाही.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

६ ऑगस्ट, बुधवार

जेवताना लीनाला काल्पनिक उदाहरण म्हणून विचारलं. समजा एखाद्याचे दहापैकी दोन आकडे बरोबर आले नाहीत. ती म्हणाली, तिच्या वर्गात असा एक मुलगा आहे, चुकलेली दोन गणितं खोडतो आणि म्हणतो, आठपैकी आठ. मी विचारलं, तू काय करतेस. म्हणाली, काही नाही, त्याच्याकडे बघते. तो स्वतःच पुन्हा लिहितो.

मग ती माझ्याकडे बघत राहिली. आमटीत मीठ कमी होतं. मागितलं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अपूर्वाला सांगितलं, आहे तसं लिही. एनएन-७ ने बीसीजीपेक्षा काहीही जास्त दिलं नाही. ती म्हणाली, हेही छापून येणं गरजेचं असतं सर, दुसऱ्या कोणाची दोन वर्षं वाचतात. माझी अकरा गेली, हे मी बोललो नाही.

पहिलं नाव तिचं असेल. मीच सुचवलं. (तिने आधीच टाइप केलेलं होतं.)

१० ऑगस्ट, रविवार

सृष्टीचं राहिलंय. आता तर यशही नाही, मग वजन कशाचं. एप्रिलपासून चार महिने. ११ जूनपासून मोजलं तरी दोन. या काळात पोरीला काही झालं असेल तर. लिहूनही बघवत नाही. उकाड्याचं कारण जूनमध्ये लिहिलंय ते वाचलं. तेव्हा पाऊस पडून गेला होता.

पुढच्या रविवारी तिसगावला जातो. फोनवर किंवा प्राणिगृहात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

उद्याही जाता येईल. पण उद्या कामाचा दिवस.

१६ ऑगस्ट, शनिवार

दाढी काढली. कशासाठी म्हणून नाही. लीनाने हनुवटीवरचा साबण पुसला.

काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. पहिला मसुदा दीड पान. त्यात एनएन-७ च्या मर्यादांचा ऊहापोह होता. फाडला. दुसरा चार ओळी.

१७ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ६

तिसगावला जाऊन आलो. स्कूटरने. करंजी घाटात थांबून कागद पुन्हा वाचला.

कडूबाईंचं घर बाजारपेठेच्या मागे. अंगणात ताडपत्रीवर मुगाच्या शेंगा पसरलेल्या आणि त्या निवडत बसलेल्या. मला ओळखायला एक क्षण लागला, मग म्हणाल्या, दाढी गेली व्हय. अश्विनीने बाज टाकली. मी मनात एक खंगलेली बाई धरून गेलो होतो. ती चांगली भरलेली, हातात दुधाची चरवी. औषध परवाच पूर्ण झालं, तपासणीत साफ आली. सृष्टी उंबऱ्यात बसून पाढे लिहीत होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं आणि मग बघितलं. पुढचे दोन दात पडलेले. बाकी काही दिसलं नाही.

कागद खिशातच राहिला. म्हणालो, “कडूबाई, लस चालली नाही. तुम्हाला मी एप्रिलमध्ये जे बोललो ते चुकीचं होतं. सृष्टीला गोळ्या द्यायला पाहिजे होत्या. आजपासून तरी द्या.”

त्या शेंगा निवडत राहिल्या. म्हणाल्या, “गोळ्या तर जूनपास्नंच देती की. दर बाजाराच्या दिवशी. दोन राहिल्यात आता.”

मला समजेना. त्यांनी सांगितलं. जून महिन्यात एक दिवस अपूर्वाबाई त्यांच्यासोबतच एसटीत बसून तिसगावला आल्या. फळीवरचं पाकीट खाली काढलं, अश्विनीला आणि त्यांना समोर बसवून सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता, त्या दिवशी पहिला डोस दिला. मी तारीख विचारली. अकरा जूनच होती. म्हणजे माझ्या केबिनचं दार उघडून ती बाहेर पडली, ते थेट एसटी स्टँडवर.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

“तुमी इचारलंच न्हाई सायेब,” त्या म्हणाल्या. मग पुढची शेंग उचलून, “आन तुमी लई खुशीत हुता. म्हनलं कशाला बोलायचं.”

चहा आला. मी घेतला. दोन महिने एका पोरीचा जीव माझ्या एका शब्दावर टांगलेला आहे असं मी धरून चाललो होतो. झोप गेली होती. त्यातसुद्धा, आता लिहायला हरकत नाही, थोडा रुबाब होता. आणि इकडे ही तीन माणसं माझ्याशिवाय दर आठवड्याला एक डोस संपवत होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसत होती.

बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं. पण ज्या प्रकारचं वाटेल असं वाटलं होतं, त्या प्रकारचं नाही.

सृष्टी वही घेऊन आली, सतराचा पाढा तपासा म्हणाली. सतरा सक एकशे दोन, बरोबर होतं. सतरा साती मी जरा अडखळलो. तिने सांगितलं.

निघताना कडूबाई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, अपूर्वाबाईंची पुढची डुकरं गुरुवारी येतायत, त्याआधी सगळे पिंजरे धुवून वाळवायचेत, माणसं कमी पडतायत. उद्या सकाळी आठला आलात तर बरं होईल.

येतो म्हणालो.

आठ म्हणजे साधारण साडेआठ धरायला हरकत नाही.